आवाज न करणारा लेथ

“काका, लाकूड कातायचा पहिलाच लेथ ना?” दुकानदार म्हणाला. “मग मी काय म्हणतो, आधी मला सांगा, त्याच्यावर करणार काय? पेनं, वाट्या, खुर्चीचे पाय? काय करायचं ते ठरलं की केवढा घ्यायचा ते आपोआप ठरतं.”

काकांनी कानाला बोट लावलं आणि तळहात हवेतून हळूहळू खाली नेला, रडणाऱ्या पोराला थोपटून गप्प करावं तसा.

“हे म्हणतात,” शेजारी उभी असलेली त्यांची बायको म्हणाली, “सगळ्यात कमी आवाज करणारा कुठला?”

“शेजाऱ्यांची कटकट आहे वाटतं.”

“शेजारी चांगले आहेत,” ती म्हणाली. “कटकट माझी आहे.”

या काकांना निम्मं गाव भोंगा म्हणून ओळखत होतं. बसस्थानकावर गाड्या पुकारण्याचं काम करता करता त्याचे केस पिकले. काचेच्या खोक्याएवढी ती खोली, पुढ्यात माइक आणि बाहेर खांबाखांबावर कर्णे. भोंग्याने “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं” म्हटलं की झोपलेला हमालसुद्धा लक्ष द्यायचा. आवाज असा की वाटावं, गाडी चुकली तर या माणसाला मनापासून वाईट वाटेल.

पण त्याची खरी कीर्ती वेगळीच होती. भोंगा कुणाचाही आवाज काढायचा. उपाहारगृहातला मालक नाकातून “येतोय, येतोय” म्हणत कधीच यायचा नाही, तो. पान तोंडात धरून बोलणारा चालक, तो. आणि सगळ्यात हुबेहूब म्हणजे मोठे साहेब. ते प्रत्येक वाक्य सुरू करण्याआधी घसा असा खाकरायचे, जणू आतून गाडीच सुरू होतेय. एकदा भोंग्याने साहेबांच्या आवाजात माइकवरून जाहीर केलं, “सर्वांना कळवण्यात येतं की आज चहा माझ्याकडून.” पाच मिनिटांत उपाहारगृह तुडुंब. साहेब स्वतः धावत आले, माइक हिसकावून म्हणाले, “हे मी बोललोच नाही,” तर बाहेरून कुणीतरी ओरडलं, “भोंग्या, आता पुरे कर, साहेब ऐकतील.”

अशा माणसाच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी गाठ काढली आणि तिच्याबरोबर आवाजाची पेटीही काढली. आता श्वास नाकातोंडातून नाही, मानेच्या खालच्या बाजूला ठेवलेल्या भोकातून. त्यात एक नळी आणि त्यावर सुती कापडाची झडप. मानेला लावून बोलायचं एक छोटं यंत्रही दिलं होतं. भोंग्याने ते एकदाच लावून पाहिलं. डब्यात अडकलेल्या माशीला बाराखडी शिकवावी तसा आवाज आला. तो हसला, म्हणजे त्याचे खांदे हलले, आणि यंत्र त्याने कपाटात टाकलं. जन्मभर दुसऱ्यांच्या नकला केल्या, स्वतःची नक्कल मात्र त्याला करवेना.

मग बोलणं बायकोकडे आलं. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे चिठ्ठी लिहून भागणार नव्हतं. तो खूण करायचा, ती शब्द करायची. सुरुवात कायम एकच, “हे म्हणतात.” आणि अर्थ बरोबर लागेलच असं नाही. भाजीवाल्या बाईंना एकदा त्याने खुणेने सांगितलं, की ही मेथी सुकलीय. बायको म्हणाली, “हे म्हणतात, तुम्ही बारीक झालात हो.” बाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी मूठभर मिरच्या वरून टाकल्या आणि सुकलेली मेथी घरी आली ती आलीच. आजवर दुसऱ्यांची वाक्यं भोंग्याच्या तोंडून जायची, आता भोंग्याची वाक्यं बायकोच्या तोंडून जात. तिच्याबद्दल तक्रार करायची तर तीही तिच्याच तोंडून करावी लागली असती.

घरात मात्र खुणांचा उपयोग नव्हता, कारण खूण दिसावी लागते. ती दुसऱ्या खोलीत असली की भोंगा भिंतीवर तळहाताने थाप मारायचा. एक थाप म्हणजे जरा इकडे ये. दोन म्हणजे काही नाही, सहज. तीन म्हणजे असशील तशी ये.

तीन थापांची वेळ एकदाच आली. दुपारी त्याच्या श्वासाच्या वाटेत काहीतरी अडकलं. त्याने भिंत बडवली. तीन थापा, परत तीन, मग मोजदाद कसली. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. ती भांड्याचं झाकण दाबून उभी होती, पाठमोरी. भिंत धरत तो दारापर्यंत पोचला तेव्हा त्याचा चेहरा काळानिळा पडला होता. तिने मागे वळून पाहिलं ते केवळ झाकणावर दाबायला फडकं हवं होतं म्हणून.

पुढचं तिने इस्पितळात शिकवल्याप्रमाणे सगळं नीट केलं, नळी साफ केली, त्याला बसवलं, पाठ चोळली. रडली नाही. मिक्सर मात्र त्या दिवसापासून चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला आणि खाली खलबत्ता आला. नळ ती अगदी बारीक धारेने सोडू लागली. रेडिओ बंद. काम करताना गुणगुणायची सवय होती, तीही सुटली. भोंग्याचा आवाज डॉक्टरांनी नेला होता, घराचा तिने नेला.

आणि दिवसातून कितीतरी वेळा ती दारात यायची, हाताला साबण तसाच. “हाक मारलीत?”

तो मान हलवून नाही म्हणायचा. ती म्हणायची, “बरं,” आणि परत जायची. भोंग्याला वाटायचं, बरा आहे ना ते बघायला येते आणि वर बहाणा करते. मनातल्या मनात तो तिच्या त्या “बरं”चीही नक्कल करायचा, शेवटी जरा खाली पडणारी.

लेथचं खूळ डोक्यात शिरलं ते इस्पितळात. त्याच्या खाटेजवळच्या खिडकीतून गल्लीपलीकडचं एक दुकान दिसायचं. तिथे एक माणूस दिवसभर लाकूड फिरवत बसलेला असे. लाकडाचा ओबडधोबड तुकडा दोन टोकांमध्ये धरलेला, तो गरगर फिरतोय, माणूस त्याला हत्याराची धार टेकवतोय आणि तुकडा बघता बघता गोल होतोय, मध्ये बारीक, खाली पुन्हा गरगरीत. काचेमुळे ऐकू काहीच यायचं नाही. भोंगा तासन्‌तास बघायचा. त्या माणसाला दिवसभरात कुणाशी बोलताना त्याने पाहिलं नाही, आणि तरी संध्याकाळी त्याच्यासमोर बरंच काही बोलून झाल्यासारखा कातलेल्या सालींचा ढीग पडलेला असायचा.

घरी आल्यावर त्याने मोबाइलवर लेथचं चित्र बायकोला दाखवलं आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. या खुणेचा अर्थ लावायला तिला अजिबात वेळ लागला नाही. “नाही,” ती म्हणाली.

त्याने स्वयंपाकघरातले कप्पे दाखवले. सगळ्यांच्या मुठी कधीच तुटून गेल्या होत्या, ती सुतळीचे फास ओढून कप्पे उघडायची. मुठी करीन, त्याने खुणेने सांगितलं. पहिल्या सगळ्या मुठी तुझ्या.

“सुतळीने काय बिघडतंय?”

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घासकामाची बारीक धूळ अजिबात चालणार नाही. ओलसर लाकूड असेल, त्याच्या लांब साली निघत असतील आणि गळ्यावरची झडप घट्ट असेल, तर थोडा थोडा वेळ करा. लेथसमोर गळ्याशी सैल कापड नको म्हणून बायकोने गुंड्यांची, अंगाबरोबर बसणारी झडप शिवली. शिवताना म्हणत होती, “शिवतेय म्हणजे हो म्हटलं असं समजू नका.”

मेव्हण्याने, म्हणजे तिच्या भावाने, येऊन सल्ला दिला. त्याला सल्ला द्यायला कारण लागत नसे. “भावोजी, घ्यायचाच तर दणदणीत घ्या. नवशिके छोटा घेतात आणि पस्तावतात.” मग बहिणीकडे वळून म्हणाला, “आणि तू कसली काळजी करतेस? विजेची घंटी लाव. काही झालं की दाबतील.”

“आणि घंटी वाजली नाही तर?”

“तर काही झालं नाही. सोपं आहे.”

“की घंटीपर्यंत हात पोचला नाही?” ती म्हणाली. “हे मला कसं कळायचं? सांग ना. तुला सगळं सोपं असतं.”

मेव्हण्याने चहा संपवला आणि विषय हवामानाकडे नेला.

बरेच आठवडे असेच गेले. मग एका सकाळी खलबत्ता बाजूला ठेवून ती म्हणाली, “एका अटीवर. तुमचं ते यंत्र चालू असताना, मधलं दार लावलेलं असताना, तुमची थाप मला ऐकू आली पाहिजे. माझ्यासमोर दुकानात चालवून बघायचं. आली तर घ्या. नाही आली तर पुन्हा नाव काढायचं नाही.”

भोंग्याने अट जागच्या जागी मान्य केली. आवाजाची परीक्षा होती, त्याच्याइतका या विषयातला कोण होता? लोक लेथ निवडताना लांबी बघतात, जाडी बघतात. त्याने मोबाइलवर चालत्या लेथचे व्हिडिओ लावून, ते कानाशी धरून लेथ निवडायला घेतले. पत्र्याच्या बैठकीचा खडखडतो, बिडाच्या जड बैठकीचा घुमतो. पट्टा ढिला असला की फटफट येते. एक यंत्र तर थेट मोठ्या साहेबांसारखं खाकरून सुरू व्हायचं. ते त्याने बायकोला ऐकवलं. ती हसली, बऱ्याच दिवसांनी, आणि लगेच गप्प होऊन भिंतीकडे बघू लागली.

तर अशी दोघं त्या दुकानात आली होती. दुकानदार भला माणूस, फक्त त्याच्या “मी काय म्हणतो”नंतर तो काही म्हणेपर्यंत गिऱ्हाइकाचे पाय मोडून यायचे. भोंग्याने मनात त्याची नक्कल केव्हाच बसवली होती. अट ऐकल्यावर मात्र दुकानदाराने मान डोलावली आणि दुकानामागचं गोदामाचं दार दाखवलं. दाराला वरच्या भागात काच होती. बायकोने पलीकडे जायचं, दार लावायचं, पाठ करून उभं राहायचं. थाप ऐकू आली की हात वर करायचा. भोंग्याने लेथजवळच्या भिंतीवर मारायची.

पहिला लेथ सगळ्यात स्वस्त आणि हलका. सुरू केला तसा पत्र्याच्या ट्रंकेत कुणी वाटाणे हलवावेत तसा आवाज झाला आणि यंत्र टेबलावर सरकायला लागलं. भोंग्याने तीन थापा मारल्या. काचेतून बायकोची पाठ दिसत होती. पाठ हलली नाही.

“मी काय म्हणतो, हा तसाही तुमच्यासाठी नाही,” दुकानदार म्हणाला.

दुसरा मोठा, लांबीला दणदणीत, मेव्हण्याला आवडेल असा. नुसता फिरताना बरा होता, हातही वर झाला. पण लाकूड लावून धार टेकवली तसा असा किंचाळला की तीन थापा त्यात बुडाल्या. बायको बाहेर आली. “आता मारणार होतात का?” तिने विचारलं. भोंग्याने हाताने सांगितलं, मारल्या. ती परत आत गेली.

तिसरा बुटका होता. फार लांब लाकूड घेणार नाही, पण बिडाची बैठक अशी वजनदार की दुकानदाराला उचलून ठेवताना धाप लागली. वेग कमीजास्त करायला एक गोल खुंटी. “मी काय म्हणतो, मुठी करायच्या ना? मग याच्या पलीकडे जाऊच नका. नवशिक्याला वजन हवं. वजन असलं की थरथर नाही, थरथर नाही की बोंब नाही.” खुंटी फिरवली. लेथ सुरू झाला की नाही हे कळायला भोंग्याला वाकून बघावं लागलं. त्याने एक थाप मारली. काचेपलीकडे लगेच हात वर झाला. परत एक. परत हात.

“आता लाकूड लावू,” दुकानदार म्हणाला. त्याने ओलसर लाकडाचा एक तुकडा दोन टोकांमध्ये धरला, हत्यार भोंग्याच्या हातात दिलं आणि मनगट कसं टेकवायचं ते दाखवलं. “जोर लावायचा नाही काका. त्याला येऊ द्यायचं तुमच्याकडे.”

भोंग्याने धार टेकवली. आधी टकटक झाली, मग कोपरे गेले आणि टकटक थांबली. लांबलचक ओली साल निघाली, पात्यावरून वळून त्याच्या मनगटावर पडली, कोमट. मग दुसरी. माइकवर खालच्या पट्टीत बोलताना छातीच्या फासळ्यांत जो आवाज घुमायचा तोच त्याला पुन्हा हाडात जाणवला, फक्त आता तो मनगटात होता. त्याने धार जरा आत नेली, लाकूड मानेसारखं बारीक झालं. जरा बाहेर आणली, पुढे गोल डोकं उरलं. मूठ. कुणीही धरून कप्पा ओढावा अशी, थोडी वाकडी, पण मूठच. इस्पितळातून आल्यापासून तो आपल्या श्वासावर लक्ष ठेवून असायचा, येतोय का, जातोय का. आता कितीतरी वेळ तो श्वास विसरूनच गेला होता.

आणि भिंतही विसरला होता.

“काका, काकू बघा,” दुकानदार म्हणाला.

काचेपलीकडे हात वर होता. पाठमोरीच उभी होती ती, हात उंच, परीक्षेत उत्तर येणाऱ्या मुलीसारखा. मग दार उघडून ती लगबगीने बाहेर आली. चेहरा मोकळा झालेला.

“आली ऐकू,” ती म्हणाली. “लाकूड चालू असताना आली. दोनदा मारलीत ना? दोन. म्हणजे सहज.”

दुकानदाराने तोंड उघडलं. “मी काय म्हणतो काकू, काकांनी तर...”

भोंग्याने त्याच्या मनगटावर हात ठेवला. दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच “मी काय म्हणतो”च्या पुढे काही म्हटलं नाही.

खोटं बोललं की आवाज कुठे पातळ होतो, हे भोंग्याला माहीत होतं. त्यावर तर त्याच्या निम्म्या नकला उभ्या होत्या. बायकोच्या आवाजात पातळ काही नव्हतं. ती खोटं बोलत नव्हती. तिने थाप ऐकली होती. दोनदा, मोजून.

त्याला दारातला साबणाचा हात आठवला. हाक मारलीत? सकाळी, भांडी घासताना. दुपारी, डोळा लागता लागता उठून. बहाणा कसला, तिला प्रत्येक वेळी खरोखरच ऐकू येत असणार. तो खुर्चीत गप्प बसलेला असताना ती पलीकडे भिंतीतून येणाऱ्या थापा ऐकत होती, एक, दोन, आणि कधी कधी तीनही. त्या वेळी ती कशी धावत आली असेल, आणि तो मान हलवून नाही म्हणाला असेल, आणि ती म्हणाली असेल, बरं. एवढ्या शांत घरात ही गत होती. त्यात हा लेथ फिरू लागला, कितीही हळू फिरला, तरी ती पलीकडे बसून काय काय ऐकेल?

“हाच द्या,” बायको दुकानदाराला सांगत होती. “बांधून द्या नीट. आणि पहिली मूठ ती राहू द्या तशीच, घरी नेऊ. हे म्हणतात...” तिने भोंग्याकडे पाहिलं. “काय म्हणता?”

भोंग्याने खुंटी उलटी फिरवली. लाकूड फिरायचं थांबलं. हत्यार त्याने जागेवर ठेवलं, मनगटावरच्या साली झटकल्या. शेजारी यंत्रावर घालायची खाकी खोळ पडली होती, ती उलगडून त्याने लेथवर घातली आणि चारी बाजूंनी नीट ओढून घेतली.

ही खूण कळायला कुणाचीही मदत लागली नसती.

“हे म्हणतात,” बायको म्हणाली आणि अडली. दुकानदार खोळीची घडी उगाच सरळ करत राहिला. “बघा काका, विचार करा,” तो एवढंच म्हणाला, हळू आवाजात. मूठ त्याने काढून पुढे धरली होती. भोंग्याने ती घेतली नाही. घेतली असती तर ती घरी कप्प्याला लागली असती, आणि तिच्या जोडीच्या बाकीच्या कुठायत असं रोज विचारत राहिली असती.

रस्त्यावर आल्यावर तिचा बांध फुटला. भरभर चालत बोलत होती, त्याच्याकडे न बघता. “खेळ लावलाय माझा? महिनोन्‌महिने जीव खाल्लात. इस्पितळात असल्यापासून. झडप शिवून घेतलीत, डॉक्टरांना विचारून झालं. मी नाही म्हणत होते तोवर तुम्हाला हवा होता. मी हो म्हटलं तर नको. आणि मी उगीच हो म्हटलेलं नाही. ऐकलं मी. शपथेवर सांगते, स्पष्ट ऐकलं. तुम्हाला वाटतं का मी तुमचं मन राखायला हात वर केला?”

भोंग्याने जोरजोरात मान हलवली. नाही. तसं नाही वाटत.

“मग?”

ती थांबली. शेजारून एक सायकल गेली, पलीकडे कुणीतरी दुकानाचं शटर खाली ओढत होतं. त्याला सांगायचं होतं, की तुझी काही चूक नाही. मी थाप मारली नसतानाही तू मला ऐकतेस, आणि आता मला तुला आणखी ऐकायला लावायचं नाही. पण यासाठी कधी खूण केलीच नव्हती. भाजी, औषध, पाणी, पंखा, ऊन, झोप, सगळ्याच्या खुणा ठरल्या होत्या. ज्याने सगळ्या गावाला आपापल्या गाडीत बसवलं त्याला भर रस्त्यात एक वाक्य जुळवता येईना. त्याने स्वतःच्या छातीला हात लावला, मग हवेत काहीतरी केलं, मग ते पुसून टाकलं. शेवटी पुढे होऊन त्याने बोटाच्या टोकाने तिच्या कानाला हलकेच स्पर्श केला आणि तिथेच बोट ठेवलं.

तिने दचकून हात वर नेला. “काय? कानातलं पडलं का माझं?”

पिशवी त्याच्याकडे देऊन तिने दोन्ही कान चाचपून पाहिले. मग सुटल्यासारखा श्वास सोडला.

“आहे की जागेवर. दोन्हीकडचं आहे. उगीच घाबरवता माणसाला.”

भोंग्याने मान डोलावली. आहे म्हणून.